एक वाडा कीं अनेक घरें ?

माझ्या एका वृद्ध स्नेह्यांची हकीकत प्रथम सांगतों. त्यांचे धाकटे बंधु परदेशीं असत. दोघांमध्यें कागदी पत्रव्यवहार असा उरला नव्हता. पण समाजमाध्यमाच्या एका स्थळावर बंधूंनीं नित्य कांहींना कांहीं लिहावें, मुलाबाळांचीं छायाचित्रें लावावीं, आणि ह्यांनीं इकडून त्याखालीं दोन ओळी लिहाव्या, असा क्रम दहाबारा वर्षें चालला होता. पुढें बंधु वारले. त्यानंतर कांहीं महिन्यांनीं माझ्या स्नेह्यांचें खातें एकाएकीं बंद झालें. कारण विचारलें, तेव्हां नियमभंग झाला असें ठराविक उत्तर आलें. कोणता नियम, तें मात्र कळलें नाहीं. त्यांनीं अर्ज केले, स्मरणपत्रें पाठविलीं. पण पलीकडे कोणी मनुष्य आहे कीं नाहीं ह्याचाच पत्ता लागेना. बंधूंचें सारें लिखाण भिंतीपलीकडे राहिलें, आणि ह्यांना दार बंद झालें. ते मला म्हणाले, "कागदी पत्रें असतीं तर पेटींत राहिलीं असतीं. मी ज्याला घर समजत होतों तें बिऱ्हाड निघालें. आणि बिऱ्हाडकरूला भाड्याची पावती तरी मिळते, मला तीहि नाहीं."

ह्या उद्गारांत आजच्या माझ्या विषयाचें मर्म आलें आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, तसेंच पूर्वीं ट्विटर ह्या नांवानें चाललेलें व २०२३ पासून एक्स म्हणविलें जाणारें स्थळ, हे सर्व एकेका मालकाचे मोठमोठे वाडे आहेत. तेथें भाडें सहसा कोणी मागत नाहीं. मालकाचें उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर चालतें, आणि जाहिरातदारास विकावयाची वस्तु म्हणजे बिऱ्हाडकरूंचें लक्ष हीच होय. चौकांत कोणाचा आवाज मोठा व्हावा आणि कोणाचा दबून राहावा, हें मालकाचें यंत्र ठरवितें. वाडा सोडून जाण्यास आडकाठी नाहीं. परंतु जो गेला त्यास आंतल्या माणसांशीं बोलतां येत नाहीं. आप्तस्नेही, ओळखीपाळखी, वर्षानुवर्षें जमविलेला वाचकवर्ग, सारें तेथेंच ठेवून जावें लागतें. म्हणून जो तो कुरकुरतो, आणि राहतो. बरें, वाडाच बंद करावयाचा असें मालकानें ठरविलें, तर काय करावें? ऑर्कुट नांवाचें स्थळ जानेवारी २००४ मध्यें निघालें. आपल्याकडील महाविद्यालयीन तरुणांनीं तें केवढ्या हौसेनें वापरलें, तें आज चाळिशींत असलेल्या श्रोत्यांना आठवत असेल. ३० सप्टेंबर २०१४ रोजीं तें बंद झालें. आपल्याच देशांत २०२० मध्यें निघालेलें कू हें स्थळहि जुलै २०२४ मध्यें बंद पडलें. मालक परका असो वा स्वदेशी असो, वाड्याचा न्याय एकच.

तर मग दुसरी कांहीं रचना संभवते काय? संभवते, आणि ती समजून घेण्यासाठीं आपल्या नित्य परिचयाच्या टपालखात्याकडे पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एका देशांतून दुसऱ्या देशांत पत्र पाठविणें म्हणजे मोठेंच प्रकरण असे. दर दोन देशांमध्यें निराळा करार, निराळा दर, निराळा हिशेब. ९ ऑक्टोबर १८७४ रोजीं स्वित्झर्लंडांतील बर्न शहरीं अनेक देशांच्या प्रतिनिधींनीं एका करारावर सह्या केल्या, आणि त्यांतून आंतरराष्ट्रीय टपालसंघ जन्मास आला. हिंदुस्थान १८७६ मध्यें त्या संघांत सामील झाला. ह्या कराराची खुबी अशी कीं, कोणत्याहि देशाचें टपालखातें दुसऱ्याच्या ताब्यांत गेलें नाहीं. प्रत्येकाचीं तिकिटें निराळीं, पोस्टमन निराळा, कायदा निराळा; परंतु पाकीट कसें स्वीकारावें आणि पुढें कसें धाडावें, एवढ्यापुरता नियम सर्वांचा एक. म्हणूनच रत्नागिरीच्या पेटींत टाकलेलें पत्र लंडनला पोंचतें, आणि त्यासाठीं लंडनच्या टपालखात्यांत आपलें खातें असावें लागत नाहीं.

ई-मेल ह्याच तत्त्वावर उभी आहे. अमेरिकेंतील जॉन पोस्टेल ह्या शास्त्रज्ञानें १९८२ मध्यें तिच्या दळणवळणाचे नियम लिहून प्रसिद्ध केले, आणि ते कोणासहि पाळण्यास मोकळे ठेविले. त्यामुळें एका कंपनीची ई-मेल वापरणारा मनुष्य दुसऱ्या कंपनीच्या, विद्यापीठाच्या किंवा सरकारी कचेरीच्या पत्त्यावर बिनदिक्कत लिहितो. मग समाजमाध्यमांतच असें कां नसावें? एका सर्व्हरवर खातें असलेल्या माणसानें दुसऱ्या सर्व्हरवरील मित्राचें लिखाण कां वाचूं नये? ह्या साध्या प्रश्नांतून जी रचना निघाली तिला विकेंद्रित, किंवा अधिक नेमकें म्हणावयाचें तर संघबद्ध, समाजमाध्यम म्हणतात. तिच्यांतील सर्व घरांच्या समूहास फेडिव्हर्स असें नांव रूढ झालें आहे.

तिचें कार्य थोडक्यांत असें चालतें. आपलें खातें एखाद्या लहान वा मोठ्या सर्व्हरवर असतें. तो सर्व्हर एखादी व्यक्ति चालवीत असेल, मित्रमंडळ चालवीत असेल, विद्यापीठ किंवा सरकारहि चालवीत असेल. आपल्या पत्त्याचे दोन भाग असतात: एक आपलें नांव, आणि दुसरें सर्व्हरचें. आपण कांहीं लिहिलें, कीं आपला सर्व्हर त्याची एकेक प्रत आपल्या वाचकांच्या सर्व्हरांकडे धाडतो. तेथून आलेलीं उत्तरें आपल्या पेटींत पडतात. सर्वांच्या वर बसलेला असा मालक कोणी नाहीं. घर बदलावेंसें वाटलें, तर आपला वाचकवर्ग बरोबर नेण्याची सोय आहे; मॅस्टोडॉनमध्यें जुनें लिखाण मात्र जुन्या घरींच राहतें, हेंहि आतांच सांगून ठेवतों.

ही कल्पना एका दिवसांत फळास आली नाहीं. कॅनडांत राहणारे इव्हान प्रोड्रोमू ह्यांनीं २००८ मध्यें आयडेंटिका हें स्थळ सुरू केलें. त्याची प्रणाली कोणासहि घेऊन आपापल्या यंत्रावर चालवितां येत असे. २०१० मध्यें न्यूयॉर्क विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांनीं डायस्पोरा नांवाच्या योजनेसाठीं लोकांकडे दहा हजार डॉलर मागितले, तों त्यांच्या पदरांत सुमारें दोन लाख पडले. पैसा मिळाला, कीर्ति मिळाली. पण फेसबुकची जागा घेण्याची अपेक्षा पुरी झाली नाहीं. पुढें २०१६ मध्यें जर्मनींतील ऑयगेन रोखको ह्या तेवीस वर्षांच्या तरुणानें मॅस्टोडॉन ही प्रणाली प्रसिद्ध केली, आणि पृथ्वीवरून नामशेष झालेल्या एका हत्तीसदृश प्राण्याचें नांव पुनः लोकांच्या तोंडीं आलें. २३ जानेवारी २०१८ रोजीं, वेबचे नियम ठरविणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ह्या संस्थेनें ॲक्टिव्हिटीपब ह्या सामाईक नियमावलीस मान्यता दिली. हा ह्या क्षेत्रांतील बर्नचा करारच समजा. त्यामुळें छायाचित्रांसाठीं पिक्सेलफेड, चलच्चित्रांसाठीं पीअरट्यूब, लेखनासाठीं मॅस्टोडॉन, अशा निरनिराळ्या प्रणालींना एकमेकींशीं बोलतां येऊं लागलें.

हिंदुस्थानाशीं ह्या गोष्टीचा संबंध आला तो २०१९ च्या अखेरीस. सर्वोच्च न्यायालयांतील ज्येष्ठ वकील संजय हेगडे ह्यांचें ट्विटरवरील खातें बंद करण्यांत आलें. कारण झालें तें १९३६ सालचें, हॅम्बुर्ग येथील एक प्रसिद्ध छायाचित्र. सारा जमाव हात उंचावून नाझी पद्धतीनें वंदन करीत आहे, आणि एकच मनुष्य हातांची घडी घालून उभा आहे, असें तें चित्र. ज्या चित्राचा अर्थच जुलमास नकार असा, तें द्वेषमूलक ठरविलें गेलें, ह्याचा पुष्कळांस संताप आला. आणि त्या नोव्हेंबरांत कितीतरी भारतीयांनीं मॅस्टोडॉनवर नांवें नोंदविलीं. कांहीं दिवस मोठी वर्दळ झाली. पण त्यांतले पुष्कळजण हळूहळू परत फिरले. कारण मनुष्य जागेसाठीं येत नाहीं, माणसांसाठीं येतो, आणि त्याचीं माणसें जुन्या वाड्यांतच होतीं.

असाच, पण कितीतरी मोठा, लोंढा २०२२ मध्यें आला. त्या वर्षीं २७ ऑक्टोबर रोजीं ईलॉन मस्क ह्यांनीं ४४ अब्ज डॉलरना ट्विटर विकत घेतलें. मॅस्टोडॉनचा महिन्याकाठीं उपयोग करणारे लोक तोंपर्यंत सुमारें तीन लाख होते. नोव्हेंबरांत ते पंचवीस लाखांवर गेले. डिसेंबरांत ट्विटरनें, आपल्या स्थळावर मॅस्टोडॉनचे पत्ते देऊं नयेत, असा नियम काढला, आणि गहजब होतांच तो मागेंहि घेतला. वाड्याच्या मालकास गांवांतील घरांचे पत्ते भिंतीवर लिहिलेले खपेनात, ह्याहून त्या घरांस मोठें प्रशस्तिपत्र कोणतें? लोंढा पुढें ओसरला. तरी पूर्वींच्या पातळीपर्यंत पाणी उतरलें नाहीं. जर्मन सरकारच्या संस्था २०२० पासून स्वतःचा सर्व्हर वापरूं लागल्या होत्या. जुलै २०२३ मध्यें नेदरलंड्सच्या सरकारनें आपला सर्व्हर उघडला, आणि त्याच महिन्यांत बी.बी.सी.च्या संशोधन विभागानेंहि प्रयोगादाखल एक सुरू केला. त्यामागील विचार सरळ आहे: सरकारचें जाहीर निवेदन वाचावयास नागरिकानें खाजगी मालकाच्या दारांतून कां जावें?

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटलाच कीं! श्रोतेहो, प्रश्न सुटला नाहीं. त्यानें रूप बदललें आहे. वाड्यांत राहणारास छपराची काळजी नसते. स्वतःचें घर बांधणारास कौलें फिरविण्यापासून नळदुरुस्तीपर्यंत सारें पाहावें लागतें. ह्या नव्या रचनेवरील संकटांची जी यादी मी आतां देणार आहे, तिच्या मुळाशीं ही एकच गोष्ट आपणांस आढळेल.

पहिलें संकट राखणदारीचें. सर्व्हर चालविण्यास पैसा लागतो. पण पैशापेक्षां दुर्मिळ आहे ती रोजची झाडलोट. शिवीगाळ कोणी केली, खोटें नांव कोणी घेतलें, तक्रार खरी कीं सूडाची, हें कोणीतरी बसून निवडावें लागतें. बहुसंख्य सर्व्हरांवर हें काम फावल्या वेळांत, बिनपगारीं चालतें. तें करणारा मनुष्य आजारी पडतो, कंटाळतो, नोकरी बदलतो. आणि मग एके दिवशीं घराला कुलूप लागतें. सामान्य माणसांचीच अशी गत होते असें नाहीं. युरोपीय संघाच्या संस्थांसाठीं एप्रिल २०२२ मध्यें ईयू व्हॉइस नांवाचा सर्व्हर निघाला. त्याची जबाबदारी पुढें पतकरणारी दुसरी संस्था मिळेना, म्हणून मे २०२४ मध्यें तो बंद करावा लागला. अनेक राष्ट्रांच्या संघाला जें जड गेलें, तें एकट्या उत्साही तरुणाला किती जड जात असेल!

दुसरें संकट लहान मालकाचें. मोठा मालक गेला म्हणजे मालकी गेली असें होत नाहीं. ती लहान होऊन शेजारीं येते. मॅस्टोडॉनवरील खाजगी निरोप, सर्व्हर चालविणाऱ्यानें मनांत आणलें तर त्याला वाचतां येतात. मे २०२३ मध्यें अमेरिकेच्या तपासयंत्रणेनें, कोलेक्टिव्हा नांवाच्या सर्व्हरच्या एका चालकाच्या घरीं, दुसऱ्याच एका प्रकरणीं झडती घेतली. तींत त्या सर्व्हरच्या माहितीची एक प्रत, कुलूप न घातलेल्या स्थितींत, सरकारच्या हातीं गेली. ज्यांचा त्या प्रकरणाशीं तिळमात्र संबंध नव्हता, अशा माणसांचे निरोपहि तींत गेले. शिवाय, सर्व्हरचा पत्ता तरी त्याच्या मालकाचा असतो काय? माली देशाच्या नांवानें असलेले पत्ते २०२३ च्या जुलैंत त्या देशाच्या सरकारनें परत आपल्या ताब्यांत घेतले, तेव्हां त्यांवर उभीं असलेलीं कांहीं घरें निराधार झालीं. आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें अफगाणिस्तानच्या राज्यकर्त्यांनीं आपल्या देशाच्या नांवाखालील अशाच एका सर्व्हरचा पत्ता रद्द केला. घर आपलें, पण जमीन दुसऱ्याची. ही गोष्ट आपल्या शहरांतील लोकांस निराळी समजावून सांगावयास नको.

तिसरें संकट दुर्जनांचें. दार सर्वांस मोकळें, म्हणजे तें दुष्टांसहि मोकळें. द्वेषप्रचारासाठीं कुप्रसिद्ध असलेलें गॅब हें स्थळ जुलै २०१९ मध्यें मॅस्टोडॉनच्याच प्रणालीवर आलें; ती मोकळी असल्यामुळें त्यास कोणी अडवूं शकलें नाहीं. जुलै २०२३ मध्यें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं पंचवीस मोठ्या सर्व्हरांची दोन दिवस तपासणी केली, तेव्हां लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचीं, तपासयंत्रणांस पूर्वींच ठाऊक असलेलीं, चित्रें ११२ ठिकाणीं आढळलीं. मोठ्या कंपन्यांपाशीं अशीं चित्रें हुडकणारीं यंत्रें आणि पगारी माणसें असतात. लहान घरांपाशीं तीं बहुधा नसतात. ह्या कठोर सत्याकडे विकेंद्रीकरणाच्या भक्तांनीं डोळेझाक करूं नये.

ह्यावर संघानें जो उपाय काढला, तो आपल्याला ओळखीचा वाटेल. वाईट सर्व्हरशीं इतरांनीं देवघेव तोडावयाची. म्हणजे आपल्या गांवच्या भाषेंत, त्याला वाळीत टाकावयाचें. गॅबच्या बाबतींत पुष्कळ सर्व्हरांनीं हेंच केलें आणि तें परिणामकारकहि ठरलें. परंतु वाळीत टाकणें हें शस्त्र दुधारी आहे. एका घरांतील एकाच्या अपराधासाठीं त्या घरांतील सर्वांचे संबंध तुटतात; चालकाचालकांच्या भांडणांत हजारों निरपराध माणसांचे मित्र एका रात्रींत दिसेनासे होतात. सामाजिक बहिष्काराविरुद्ध ज्या महाराष्ट्राला २०१६ मध्यें कायदा करावा लागला, त्याला ह्या शस्त्राची धार वेगळी दाखविण्याचें कारण नाहीं. तें असावें, पण कारण सांगून, मुदत देऊन, आणि शेवटचा उपाय म्हणून वापरावें.

चौथें संकट मोठ्या पाहुण्याचें. जुलै २०२३ मध्यें फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीनें थ्रेड्स हें स्थळ काढलें. पांच दिवसांत दहा कोटि लोकांनीं त्यावर नांवें नोंदविलीं. त्या वर्षाच्या डिसेंबरांत ह्या स्थळानें ॲक्टिव्हिटीपबच्या मार्गानें संघाशीं बोलण्याचा प्रयोग आरंभिला. कांहीं सर्व्हरांनीं स्वागत केलें. कांहींनीं दार लावून घेतलें. दार लावणाऱ्यांची भीति अगदींच निराधार नव्हती. गूगल कंपनीनें २००५ मध्यें गूगल टॉक नांवाची संभाषणसेवा काढली. पुढील वर्षीं तिचीं दारें इतर सर्व्हरांसाठीं उघडलीं. आणि २०१३ मध्यें नवी सेवा आणतांना तो मोकळेपणा सोडून दिला. ज्यांचे बहुतेक मित्र गूगलकडे होते, ते बाहेरचे लोक एकाकी पडले. हत्ती पंक्तीस बसला तर पंक्तीची शोभा वाढते खरी. पण तो उठतो तेव्हां पाटपाणी उधळून उठतो.

पांचवें संकट सर्वांत सूक्ष्म, आणि म्हणून सर्वांत मोठें. मोकळ्या रचनेंतहि माणसें आपण होऊनच गर्दीकडे जातात. ई-मेलचे नियम आजहि मोकळे आहेत. पण आपल्या ओळखींतील किती माणसांचे पत्ते दोनतीन कंपन्यांबाहेरचे आहेत, तें मोजून पाहा. मॅस्टोडॉनमध्येंहि मूळ संस्थेचाच सर्व्हर इतर सर्वांहून मोठा झाला. ब्लूस्काय ह्या स्थळाची कथा हेंच सांगते. निराळ्या नियमावलीवर उभारलेलें हें स्थळ ६ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वांस खुलें झालें. त्या वर्षीं ३० ऑगस्टपासून ८ ऑक्टोबरपर्यंत ब्राझीलमध्यें एक्सवर न्यायालयानें बंदी घातली असतां लाखों लोक तिकडे वळले, आणि नोव्हेंबरांत तेथील खात्यांची संख्या दोन कोटींवर गेली. त्याच्या नियमावलींत मनुष्याची ओळख, वाचकवर्ग आणि लिखाण हीं सर्व दुसरीकडे नेण्याची सोय आहे, ही तिची मोठी थोरवी. परंतु आरंभींच्या वर्षांत जवळजवळ सारे लोक एकाच कंपनीच्या यंत्रांवर राहिले. दार आहे, पण त्यांतून कोणी जात नाहीं. आणि ज्या दारांतून कोणी जात नाहीं, तें एके दिवशीं बुजविलें तरी कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

मग ह्या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय, असा प्रश्न राहतोच. माझें उत्तर असें आहे. संघबद्ध रचनेनें जुलूम नाहींसा होतो, असा माझा दावा नाहीं. ती एकच गोष्ट देते: उठून जाण्याचा हक्क, आणि तोहि आपलीं माणसें न गमावतां. हा हक्क लहान वाटतो; पण मालकाचें वर्तन बदलतें तें त्याच्या सदिच्छेनें नव्हे, तर बिऱ्हाडकरू उद्यां उठून जाऊं शकेल ह्या जाणिवेनें. मात्र जावयास दुसरें घर शिल्लक असेल तरच हा हक्क खरा. आणि दुसरें घर शिल्लक राहावयाचें, तर कोणीतरी त्याची पट्टी भरली पाहिजे, झाडलोट केली पाहिजे. आपण इतकीं वर्षें फुकट राहिलों, म्हणून बोलण्याच्या जागेला किंमत असते हेंच विसरलों आहों.

ह्या कामीं आपल्या समाजापाशीं एक जुना अनुभव आहे. मुंबईंत गांवदेवीस १९१५ मध्यें सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. जागा कोणा एकाची नव्हे आणि सर्वांची आहे, खर्च वांटून घ्यावयाचा, कारभारी निवडून द्यावयाचे, वर्षाकाठीं हिशेब मांडावयाचा. ही रीत तेव्हांपासून मुंबई-पुण्याच्या घराघरांत मुरली आहे. सभेंत भांडणें होतात, चिटणीसाला बोल लागतो, पाण्याच्या टाकीवरून महाभारत घडतें. तरीहि घर आपलें राहतें. परदेशांत सोशल को-ऑप नांवाचा सर्व्हर २०१७ पासून ह्याच सहकारी रीतीनें चालतो: सभासद वर्गणी देतात आणि नियम आपापसांत ठरवितात. मॅस्टोडॉनच्या मूळ संस्थेनेंहि जानेवारी २०२५ मध्यें, सारी मालकी एका ना-नफा संस्थेकडे सोंपविण्याचा संकल्प जाहीर केला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें रोखको मुख्य पदावरून बाजूस झाले. ज्यानें घर बांधलें त्यानेंच किल्ल्या सर्वांच्या हातीं द्याव्या, हें ह्या क्षेत्रांत विरळाच घडतें.

माझ्या श्रोत्यांपैकीं कोणास ह्या वाटेनें जावेंसें वाटलें, तर त्यांनीं प्रथम चार प्रश्न विचारावे. सर्व्हर चालवितो कोण, आणि त्याच्या जोडीला संकटसमयीं किल्ली असलेला दुसरा मनुष्य आहे काय? खर्च कोठून येतो? गैरवर्तनाची तक्रार कोण पाहतो? आणि घर बंद करावयाचें झालें, तर किती दिवस आधीं कळवाल? मॅस्टोडॉनच्या संस्थेनें आपल्या यादींत येणाऱ्या सर्व्हरांस घातलेल्या अटींमध्यें रोजची नक्कल, दुसऱ्या मनुष्याकडे किल्ली, आणि बंद करण्यापूर्वीं तीन महिन्यांची सूचना ह्या अटी आहेत. त्या लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. उत्तरें समाधानकारक आलीं, तर दरमहा चहाच्या चार पेल्यांइतकी वर्गणी आनंदानें द्यावी. आणि आपण कोठेंहि राहत असा, वाड्यांत वा घरांत, आपल्या लिखाणाची व छायाचित्रांची एक प्रत आपल्या घरच्या यंत्रांत उतरून ठेवावी.

आरंभीं ज्यांची हकीकत सांगितली, त्या माझ्या स्नेह्यांचें पुढें काय झालें, तें सांगून संपवितों. त्यांच्या पुतण्यानें आपल्या वडिलांचें लिखाण त्या स्थळावरून होईल तेवढें उतरून घेतलें आणि काकांकडे धाडलें. बंधूंचीं वाक्यें आलीं, छायाचित्रें आलीं. पण त्यांखालीं ह्यांनीं लिहिलेल्या ओळी मात्र खात्याबरोबर गेल्या होत्या. एका बाजूचाच संवाद उरला. आतां काकापुतण्यांनीं आणि आठदहा नातलग कुटुंबांनीं मिळून वर्गणीचा एक लहानसा सर्व्हर घेतला आहे. पुतण्या कारभार पाहतो, दुसरी किल्ली नात्यांतल्या एका मुलीकडे असते, आणि दर दिवाळींत हिशेब वाचला जातो. गेल्या दिवाळींत खर्च थोडा वाढला म्हणून कुरकुर झाली. तेव्हां माझे स्नेही म्हणाले, "कुरकुर करा, पण पट्टी भरा. फुकटच्या जागेंत माझ्या दहा वर्षांच्या ओळी गेल्या आहेत."

ह्याहून अधिक मला कांहीं सांगावयाचें नाहीं.